सभेचे चित्र

नागपूरला आजवर किती सभा भरल्या याची मोजदाद करण्याच्या भरीस कोणी पडू नये. पडलाच तर मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन लोहमार्ग जेथे एकमेकांस छेदतात त्या शहराच्या प्राक्तनातच सभा लिहिलेली आहे, एवढे म्हणून त्याला थांबावे लागेल. राष्ट्रीय सभेची, म्हणजे काँग्रेसची, अधिवेशने येथे १८९१, १९२० आणि १९५९ साली भरली. भारतीय विज्ञान परिषदेचे विद्वान १९२०, १९३१, १९४५, १९७४ आणि अलीकडे २०२३ मध्ये येथे जमले. पहिले विश्व हिंदी संमेलन १९७५ च्या जानेवारीत याच शहरात झाले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, लसीकरण संस्थेजवळच्या माळावर धम्मदीक्षेसाठी जो जनसमुदाय लोटला त्याला सभा हे नाव अपुरेच पडते. या साऱ्यांचे दप्तर अक्षरांचे आहे: ठराव, इतिवृत्ते, अध्यक्षीय भाषणांच्या छापील प्रती, वर्तमानपत्रांतील वार्तापत्रे. त्या दप्तरांत सभा ऐकू येते, परंतु दिसत नाही. छायाचित्रे आहेत, पण छायाचित्रांत वक्ता तेवढा दिसतो, तो काय बोलतो ते दिसत नाही. वक्त्याचा विचार त्याच क्षणी, त्याच मंडपात, रेषेने आणि रंगाने उतरवून घेणारा मनुष्य सभेत असावा, ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची. आणि म्हणूनच तिच्या पूर्वजांचा शोध घेण्यासारखा आहे.

आजच्या परिषदांतून, विशेषतः जेथे नवे विचार आणि नवे शोध यांची देवघेव चालते अशा ठिकाणी, व्यासपीठाच्या एका अंगाला चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असा पांढरा फलक उभा केलेला असतो आणि त्याच्यापुढे श्रोत्यांकडे पाठ करून एक चित्रकार उभा असतो. परिषद सुरू होण्यापूर्वीच त्याने फलकाच्या माथ्यावर विषय आणि वक्त्याचे नाव ठळक अक्षरांत रेखून ठेवलेले असते, कारण पुढे त्याला अक्षरांच्या वळणाकडे पाहायला सवड मिळणार नाही हे तो जाणून असतो. भाषण सुरू झाले की तो पहिली दोन-तीन मिनिटे बहुधा काहीच काढीत नाही. वक्त्याच्या प्रस्तावनेत आणि आभारांत चित्र नसते, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. मग काळ्या मार्करची पहिली रेघ पडते. वक्त्याच्या तोंडून आकडा निघाला तर तो तत्काळ लिहून घ्यायचा, कारण आकडा स्मरणात टिकत नाही. दृष्टांत निघाला तर तो क्षणभर मनात ठेवायचा, कारण दृष्टांताची खरी किंमत तो कोठे जाऊन पोचतो यावर ठरते. असा तो वक्त्याच्या एक-दोन वाक्ये मागे राहून ऐकत आणि काढीत जातो, आणि ज्या जागेत पुढचा मुद्दा यावयाचा ती जागा, मुद्दा काय असेल हे माहीत नसताना, कोरी राखून ठेवतो. ही राखलेली कोरी जागाच या विद्येतील सर्वांत अवघड भाग होय. रंग भरायचे ते चहाच्या सुटीत. आणि त्याच सुटीत श्रोते फलकाभोवती गोळा होऊन, आपण नुकतेच जे ऐकले ते खरोखर असेच होते काय याची रुजुवात घालून पाहतात आणि मोबाईलवर त्याचे छायाचित्र टिपून घेतात.

या व्यवसायाचे आजचे रूप अमेरिकेतले, सॅन फ्रान्सिस्को आणि त्याच्या परिसरातले. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही सल्लागारांनी बैठकीतील चर्चा भिंतीवरच्या मोठ्या कागदावर सर्वांसमक्ष उतरवून घेण्याची पद्धत पाडली. डेव्हिड सिबेट यांनी १९७७ साली याच कामासाठी आपली संस्था काढली. तेथून ती पद्धत कचेऱ्यांत, तेथून परिषदांत आली. आपल्या बाजूला नवविचारांच्या अशा परिषदांचे युग सुरू झाले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस. पुण्याजवळच्या लवासा येथे २०१० च्या डिसेंबरात भरलेली ‘इंक’ परिषद हा त्याचा ठळक दाखला. परंतु व्यवसायाचा जन्म आणि वृत्तीचा जन्म यांत पुष्कळदा शतकांचे अंतर असते.

विदर्भातील माणसाला ही वृत्ती शोधायला आधी अजिंठ्यालाच जावे लागते. रामटेकजवळचे नगरधन ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी आणि वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही दुसऱ्या शाखेची. या दुसऱ्या शाखेतील हरिषेणाच्या कारकीर्दीत अजिंठ्याची जी लेणी रंगली त्यांतील सतराव्या लेण्याच्या अंतराळात, डाव्या भिंतीवर, स्वर्गातून उतरून उपदेश करणारा बुद्ध आणि त्याच्या भोवती दाटलेला श्रोतृसमुदाय चितारलेला आहे. त्यात राजे आहेत, भिक्षू आहेत, हत्तीघोड्यांवर बसून आलेले आहेत, परदेशी टोप्या घातलेले पाहुणेही आहेत. चित्रकाराने बुद्धाला त्याचे मानाचे स्थान देऊन पुढे आपला सारा वेळ ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर घालविला, असे ते चित्र पाहताना वाटते. आणि मला यात त्याची मोठी समज दिसते. उपदेश सभेत असतो तो श्रोत्यांच्या चर्येवर. अर्थात हे चित्र धर्मकथेतील सभेचे आहे. ज्याने काढले त्याने ती सभा ऐकली नव्हती.

कोकणातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाची चित्रकथी ही परंपरा याच्या अगदी उलट दिशेने चालते. तेथे चित्र आधी तयार असते. चित्रकथी पोथीतील एकेक पान श्रोत्यांसमोर धरतो आणि रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन, बोलून त्या चित्राला वाचा देतो. या परंपरेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक शहरी वाचकांना पिंगुळीचे नाव प्रथम कळले. कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका, म्हणजे काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून त्यांच्याबरोबर कथा सांगण्याचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा खेळ, ही याच घराण्यातील धाकटी पाती. चित्रापासून बोलण्याकडे जाण्याचा रस्ता आपल्याला असा शतकानुशतके ठाऊक होता. बोलण्यापासून चित्राकडे, तेही बोलणारा बोलत असतानाच, जाण्याचा रस्ता मात्र फारसा मळलेला नव्हता.

दरबारांची चित्रे होती, हे खरे. परंतु दरबारचे चित्र ज्याच्या हुकमाने निघते त्याच्या बाजूने ते बोलते, याचे ढळढळीत उदाहरण पुण्याचे आहे. १७९० साली टिपूविरुद्धचा तह पेशव्यांच्या दरबारात झाला. त्या प्रसंगाचे जे भव्य तैलचित्र आज प्रसिद्ध आहे, ज्यात सवाई माधवराव, नाना फडणीस आणि इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट गणपती रंगमहालात बसलेले दिसतात, ते थॉमस डॅनियलने १८०५ साली लंडनमध्ये पुरे केले. त्याचा आधार होता जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखनांचा. वेल्स पुण्यास आला तो १७९२ मध्ये, म्हणजे तह होऊन दोन वर्षे उलटल्यावर. १७९५ च्या ऑक्टोबरात पेशवे गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वेल्सही गेला. शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा चालविणाऱ्या, गंगाराम तांबट यांच्यासारख्या कारागिराच्या हाताला वळण लावणाऱ्या या गुणी माणसाने चेहरे प्रत्यक्ष पाहून टिपले, दालन प्रत्यक्ष पाहून टिपले, पण प्रसंग पाहिलाच नाही. आणि ज्याने शेवटचा हात फिरविला त्या डॅनियलला तर ते दालनही पाहायचे कारण पडले नाही. चित्र मॅलेटसाहेबांच्या कीर्तीसाठी झाले. त्या तहामागे किती दिवस घासाघीस चालली, कोण रुसले, कोणी मान हलविली आणि मनातून मान्य केले नाही, यातले काहीही त्या भरजरी शांततेत शिरू शकले नाही.

हे सारे टिपण्याचे काम दरबारात वकील आणि अखबारनवीस यांचे होते, आणि ते काम त्यांनी लेखणीने केले. नागपूरचे उदाहरण यासंबंधी बोलके आहे. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीने १७९९ साली हेन्री टॉमस कोलब्रुक या संस्कृतज्ञ मुलकी अधिकाऱ्यास वकील म्हणून पाठविले. तैनाती फौजेच्या जाळ्यात भोसल्यांना ओढावे ही त्यामागची मसलत. ती सिद्धीस गेली नाही आणि १८०१ मध्ये कोलब्रुक परत गेले. अशा वकिलातीतून जे मागे उरते ते पत्रव्यवहार. पुढे १९५० नंतरच्या काळात मध्यप्रदेश सरकारने ‘नागपूर रेसिडेन्सी रेकॉर्ड्स’ या नावाने खंड प्रसिद्ध केले, त्यांत दरबाराची नाडी जागोजाग सापडते: कोणी भेट लांबविली, कोणी उत्तर टाळले, कोणाच्या सांगण्यावरून टाळले. वकिलाला खुशामत करून भागत नसे, कारण चुकीची खबर कळविली तर त्याच्या धन्याचे सैन्य चुकीच्या वाटेने जाई. सभेचे चित्र काढणाऱ्यावर अशी जबाबदारी कधीच आली नाही, आणि मला वाटते त्याच्या कलेतील गोडवा आणि तिचा उणेपणा, या दोहोंचे मूळ येथेच आहे.

नागपुरात इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर एक चमत्कारिक योग जुळून आला. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल हे स्वतः जलरंगात रमणारे गृहस्थ होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १८६५ च्या डिसेंबरात, नागपूरला कला, कारागिरी आणि उत्पन्न यांचे मोठे प्रदर्शन भरले. मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली ती १८६७ साली; म्हणजे ही सारी मांडामांड बैलगाडीच्या भरवशावर झाली. नव्या शोधांच्या आणि नव्या कल्पनांच्या मेळाव्याला या शहरात मूळपुरुष शोधायचाच झाला तर तो हा. पण टेंपलसाहेबांच्या कुंचल्याला डोंगर, तळी आणि किल्ले प्रिय होते. सभामंडपात वाद घालणारी माणसे त्यांनी आपल्या अहवालांसाठी राखून ठेवली असावीत.

१९२० हे वर्ष नागपूरच्या सभांच्या इतिहासात अपूर्वच म्हटले पाहिजे. त्याचा आरंभ झाला प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या विज्ञान परिषदेने, आणि शेवट झाला विजयराघवाचार्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाने. स्वागताध्यक्ष होते जमनालाल बजाज. प्रतिनिधी चौदा हजारांवर. आणि त्या मंडपाची आठवण आजही काँग्रेसनगर या वस्तीच्या नावात राहिली आहे. असहकाराचा ठराव चित्तरंजन दासांनी मांडला. जिनांनी गांधींना विरोध केला. ते ‘मिस्टर गांधी’ म्हणाले म्हणून सभेने कल्लोळ केला. भाषावार प्रांतिक समित्यांची घटना मान्य झाली ती याच मंडपात. आज व्यासपीठाच्या बाजूला पांढरा फलक घेऊन उभा राहणारा चित्रकार त्या दिवशी तेथे असता, तर त्याने चरखा काढला असता, तुटलेली साखळी काढली असती, चार आण्यांची वर्गणी काढली असती. पण एका माणसाविरुद्ध उसळलेला तो कल्लोळ त्याने काढला असता काय? मला शंका आहे. स्वागतसमितीच्या खर्चाने रंग विकत घेतलेल्या माणसाला असा कल्लोळ सहसा ऐकू येत नाही.

विरोध ऐकू येणारे एकच दप्तर त्या काळी होते, आणि ते सरकारचे. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या मे-जूनमध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथे जी स्वराज्यावरची भाषणे केली, ती गुप्त पोलीस खात्याच्या लेखकांनी लघुलिपीत शब्दशः उतरून घेतली आणि त्यांच्या तर्जुम्यावर खटला उभा राहिला. त्या खटल्यात लोकमान्यांचे वकील होते जिना, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने जामिनाचा हुकूम रद्द केला. वक्त्याचा प्रत्येक शब्द इतक्या निष्ठेने झेलणारा श्रोता लोकमान्यांना पोलिसांतच मिळावा, हा इतिहासाचा विनोद आहे.

चित्रकार राष्ट्रीय सभेत पुढे आला, पण तो भाषणाजवळ बसायला आला नाही. १९३६ साली खानदेशातील फैजपूरला खेड्यातले पहिले अधिवेशन भरले तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबू आणि तट्ट्या यांतून त्याची सजावट उभी केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली चित्रे तर प्रसिद्धच आहेत. त्यांत ढोलकी वाजवणारा आहे, सुतार आहे, दळणारी बाई आहे. वक्ता नाही, ठराव नाही. ज्यांच्या नावाने ठराव होत होते ती माणसे नंदबाबूंनी मंडपाच्या भिंतींवर आणून बसविली, आणि त्यातच त्यांचे सारे भाष्य आले.

नागपूरने मात्र बोलण्याचे चित्र करण्याची स्वतःची एक तऱ्हा काढली होती, आणि ती वर उल्लेखलेल्या कोणत्याही अधिवेशनाहून जुनी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि जगनाथ बुधवारीतील तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून, असे परंपरा सांगते. काळीचा संबंध लोक बांकाबाई भोसल्यांशी जोडतात. इंग्रजांस त्या अनुकूल राहिल्या याचा राग म्हणून, असे म्हणतात. बांकाबाई वारल्या १८५८ साली, तेव्हा हा राग दोन तपांनी बाहेर पडला असे मानावे लागते. लोकस्मृतीला इतका उशीर चालतो की दंतकथा मागाहून चिकटली, याचा निवाडा करण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. मारबतींच्या मागे चालतात ते बडगे. बांबूचा सांगाडा, वर चिंध्या आणि कागद, त्यावर रंग, गळ्यात पाटी. या पाटीवर त्या वर्षीचा विषय असतो. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, एखाद्या पुढाऱ्याचा, एखाद्या फसलेल्या योजनेचा, साथीच्या रोगाचा. वर्षभर चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर, इतवारीच्या दुकानांच्या पायऱ्यांवर जे बोलले गेले, ते भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी माणसाच्या उंचीहून मोठे होऊन रस्त्यावर चालू लागते. ईडापीडा घेऊन जाण्याची आरोळी देत लोक त्याला वस्तीबाहेर नेतात आणि जाळून टाकतात.

या कलेतील जे कसब आहे ते सहजी लक्षात येत नाही. बडग्याला नाक असे हवे की गर्दीच्या मागच्या रांगेतल्या पोरालाही तो कोण ते कळावे; पाटीवरचा मजकूर असा हवा की ढोलताशांच्या गजरात, चालता चालता, एका नजरेत वाचून व्हावा. थोडक्यात सांगण्याची आणि मोठे काढण्याची ही जी अक्कल लागते तीच परिषदेतील फलकावरच्या चित्रकाराला लागते. फरक आहे तो धन्याचा. परिषदेच्या फलकावर प्रत्येक वक्त्याच्या डोक्यावर दिवा उजळतो, प्रत्येक कल्पनेला पंख फुटतात, प्रत्येक आलेख वर जातो, कारण फलक संयोजकांचा असतो. बडग्याचा खर्च वस्ती वर्गणीने उचलते, म्हणून बडगा कोणाचेही भाषण खोटे पाडायला मोकळा. मला विचाराल तर नागपूरच्या सार्वजनिक बोलण्याचे सर्वांत प्रामाणिक चित्र गेली सव्वाशेहून अधिक वर्षे याच मिरवणुकीत काढले जात आहे, आणि ते त्याच दिवशी जळून जाते म्हणून त्याचे दप्तर उरत नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेची गोष्ट आणखी वेगळी. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी बावीस प्रतिज्ञा एकेक करून उच्चारल्या आणि लक्षावधींनी उभे राहून त्या आपल्या मुखाने म्हटल्या. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी मराठीतून जे दीर्घ भाषण केले त्यात धर्मांतराची मीमांसा होती. ते भाषण ‘प्रबुद्ध भारत’मधून छापून आले आणि वाचले गेले. परंतु घराघरांतून, विहारांतून, दिनदर्शिकांतून आणि भिंतींवरून जो प्रसंग आजही रंगविला जातो तो आदल्या दिवशीचा, प्रतिज्ञांचा. हाही मला सभेच्या चित्राचा एक नियमच वाटतो: जेथे श्रोते स्वतः बोलले ती सभा चित्रात टिकते, जेथे त्यांनी केवळ ऐकले ती पुस्तकात जाते. अजिंठ्याच्या त्या अनाम चित्रकाराला हे कळले होते.

२०२३ च्या मार्चमध्ये नागरी संघटनांच्या ‘सी-२०’ बैठकीसाठी देशोदेशीचे पाहुणे नागपूरला यायचे होते, तेव्हा त्यांच्या वाटेवरच्या भिंती रंगवून घेण्यात आल्या. पाहुण्यांनी बोलण्यापूर्वीच शहराने आपले चित्र पुरे केले होते; त्या भिंतींवर बैठकीत निघालेला एखादा मतभेद मागाहून उमटण्यास जागाच राहिली नव्हती.

परिषदा यापुढेही भरत राहणार आणि फलकही रंगत राहणार. ते फलक परिषद संपली की गुंडाळून संयोजकांच्या कपाटात जातात, किंवा भिंतीवर चिकटविलेले असल्यास उतरवताना फाटतात, आणि उरतात ती भ्रमणध्वनीतील छायाचित्रे, ज्यांवर बहुधा चित्रकाराचे नावही वाचता येत नाही. १८६३ पासून उभ्या असलेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, ज्याला नागपूरकर अजबबंगला म्हणतो, किंवा १९२३ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने असे फलक मागून घ्यावेत. दाखल करताना मागील बाजूस तारीख, स्थळ, चित्रकाराचे नाव आणि त्याचा मेहनताना कोणी दिला ही चार कलमे लिहावीत. आणि जमल्यास त्याच वर्षीच्या मारबतीतील बडग्यांच्या पाट्या, जळण्यापूर्वी उतरवून घेऊन, त्याच फडताळात ठेवाव्यात.